जीवदया आणि प्राण्यांची ओळख

मुलांना प्राण्यांची ओळख करून देणे हे वरवर पाहता नीतीशी संबंध नसलेले काम वाटते. चित्र दाखवायचे, नाव सांगायचे, वाघ मांसाहारी आणि हरिण शाकाहारी एवढे पाठ करून घ्यायचे, इतकाच त्याचा व्याप समजला जातो. प्रत्यक्षात प्राण्याचे नाव सांगताना त्या प्राण्याशी माणसाचे नाते काय, हेही नकळत सांगितले जाते. पुण्यातल्या मुलाला हे नाते दोन ठिकाणी कळते. घरात, देवळात आणि गोष्टींत त्याला गणपतीचा उंदीर, दत्ताची कुत्री, शंकराच्या गळ्यातला नाग, चिऊताई आणि वाघोबा भेटतात. शाळेत परिसर अभ्यास आणि पुढे सामान्य विज्ञान या विषयांत त्याच प्राण्यांचे गट भेटतात: पाठीचा कणा असलेले आणि नसलेले, अंडी घालणारे आणि पिलांना जन्म देणारे, जलचर, भूचर, उभयचर. ही पुस्तके तयार करणारी बालभारती ही संस्थाही १९६७ पासून पुण्यातच आहे.

यांतली पहिली शिकवण अभेदाची आहे. मुंगीपासून माणसापर्यंत सगळ्यांत एकच चैतन्य आहे, म्हणून कोणालाही दुखवू नये, असे ती सांगते. दुसरी शिकवण भेदाची आहे. साप आणि गांडूळ सारखे दिसले तरी एक नाहीत, वटवाघूळ उडत असले तरी पक्षी नाही, असे ती सांगते. भेद शिकलेल्या मुलाचा समभाव उणावतो का, हा यातून निघणारा धर्मविचाराचा प्रश्न आहे. या प्रश्नाचे नीट परीक्षण केले तर उत्तर उलट दिशेने जाते. प्राण्याविषयी माणसाचे काही कर्तव्य आहे, हे समभाव सांगतो. ते कर्तव्य नेमके कोणते, हे मात्र त्या प्राण्याची ओळख झाल्याखेरीज ठरत नाही.

चार खाणी आणि पाच इंद्रिये

प्राण्यांचे गट पाडणे ही इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेली गोष्ट नाही. छांदोग्य उपनिषदात जिवांचे अंडज, जीवज आणि उद्भिज्ज असे तीन प्रकार सांगितले आहेत. ऐतरेय उपनिषदात त्यांत स्वेदज, म्हणजे घामातून किंवा उष्म्यातून जन्मणारे, यांची भर पडून चार प्रकार होतात. मराठी संतसाहित्यात याच चार खाणी म्हणून येतात आणि त्यांच्या जोडीला चौऱ्यांशी लक्ष योनींचा हिशेब येतो. त्याच्या प्रचलित वाटणीत जलचरांच्या नऊ लक्ष, पक्ष्यांच्या दहा लक्ष, कृमिकीटकांच्या अकरा लक्ष आणि माणसांच्या चार लक्ष योनी धरल्या जातात. उरलेल्या पन्नास लक्ष पशू आणि स्थावर यांच्यात विभागल्या जातात. जन्म कसा झाला, हा चार खाणींच्या वर्गीकरणाचा आधार आहे. हेतू मात्र प्राणी ओळखण्याचा नसून जिवाचा प्रवास दाखवण्याचा आहे. आज माणसाच्या देहात असलेला जीव काल मुंगीच्या देहात असू शकतो, हे ठसवण्यासाठी हे गट पाडले गेले.

जैन परंपरेतील वर्गीकरण याहून बारीक आहे आणि त्याचा आचाराशी थेट संबंध आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात जिवांची मांडणी इंद्रियांच्या संख्येनुसार केली आहे. वनस्पती, पृथ्वी, पाणी यांतील जिवांना केवळ स्पर्श असतो. कृमींना स्पर्श आणि चव ही दोन इंद्रिये, मुंगीसारख्यांना गंध धरून तीन, भुंग्यासारख्यांना दृष्टी धरून चार, आणि पशू, पक्षी, मासे, माणूस यांना श्रवण धरून पाच. पाच इंद्रियांच्या जिवांतही मन असलेले आणि नसलेले असा भेद केला जातो. ज्याला इंद्रिये जास्त, त्याला होणारी वेदना जास्त, म्हणून त्याच्या हिंसेचा दोषही जास्त, अशी ही चढती भाजणी आहे. रात्री जेवू नये, पाणी गाळून प्यावे, कंदमुळे टाळावीत हे नियम याच पायावर उभे आहेत. येथे भेद शिकणे हीच अहिंसेची पूर्वतयारी आहे. कोणता जीव कोठे राहतो आणि त्याला काय जाणवते, हे ठाऊक नसलेल्याला अहिंसा पाळताच येणार नाही, हे या परंपरेने गृहीत धरले आहे.

या जुन्या मांडण्यांतील माहिती आज सगळीच टिकत नाही. स्वेदज हा गट तर पूर्णपणे गळून पडतो. १६६८ साली इटलीत फ्रान्चेस्को रेदी याने मांसाच्या बरण्या झाकून आणि उघड्या ठेवून दाखवले की, अळ्या मांसातून आपोआप उपजत नाहीत, माश्यांनी घातलेल्या अंड्यांतून त्या निघतात. उवा घामातून होत नाहीत, उवांच्याच लिखांतून होतात. अंडज हा गटही ढोबळ ठरतो. नाग अंडी घालतो, पण घोणस थेट पिलांना जन्म देते, आणि दोघेही सापच आहेत. अशा ठिकाणी मुलांपुढे परंपरा आणि शास्त्र यांची झुंज लावण्याची गरज नसते. जीव कोठून येतो, हा प्रश्न दोघांनी विचारला. पुढे निरीक्षणाची साधने सुधारली तसे उत्तर बदलले. जीवमात्राकडे लक्ष द्यावे, हा मूळ आग्रह त्याने खोटा पडला नाही.

गोष्टीतला प्राणी आणि खरा प्राणी

मराठी मूल प्राण्यांशी प्रथम नात्याने जोडले जाते. भू-भू, हम्मा, माऊ, काऊ ही आवाजांवरून आलेली नावे तोंडात बसतात आणि लगेच चिऊताई, कोल्होबा, ससोबा, हत्तीदादा अशी माणसे त्याच्या घरी येतात. जाँ पियाजे याने १९२०च्या दशकात लहान मुले निर्जीव वस्तूंनाही जीव आणि इच्छा चिकटवतात, असे नोंदवले. पुढे सुझन केरी यांनी १९८५ साली असे मांडले की, लहान मुले प्राण्यांविषयीचा विचार माणसावरून बेतून करतात. मात्र अमेरिकेतील मेनॉमिनी या आदिवासी समाजाच्या मुलांचा अभ्यास झाला तेव्हा ही सवय सार्वत्रिक नसल्याचे दिसले. जंगल आणि प्राणी यांच्या सहवासात वाढलेली मुले लहान वयातच प्राण्यांविषयी माणसाला मध्यभागी न ठेवता विचार करतात. शहरातल्या मुलाला प्राणी भेटतो तो चित्रात आणि गोष्टीत, म्हणून त्याचा वाघ माणसासारखा बोलतो.

वाघोबा या एका नावात हा फरक स्पष्ट दिसतो. पालघर आणि ठाणे जिल्ह्यांतील वारली समाजासाठी वाघोबा हा देव आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या भागांत वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली गेली. तेथे वाघ या शब्दात बिबट्याही येतो. अकोले आणि जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी समाज दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतो. पुणे शहरात त्याच दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा होते. गुरे राखणाऱ्या समाजाने गुरांना खाणाऱ्यालाही एक दिवस दिला आहे. तो जंगलाचा हक्कदार आहे, त्याला त्याचा वाटा आहे आणि त्याच्यापासून जपूनही राहायचे आहे, असा हा करार आहे. शहरी बालवाडीतला वाघोबा मात्र फजिती होणारा एक गमतीदार गडी असतो. त्यात भीती नाही आणि आदरही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला वारली मुलांसाठी कुरणशाळा चालवली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणात न्यावी, अशी ती कल्पना होती. त्या मुलांना प्राणी शिकवण्यापेक्षा त्यांच्याकडून प्राणी शिकण्याजोगे बरेच होते, आणि शहरातल्या शिक्षकाला हे विसरून चालत नाही.

प्राण्यांना बोधकथेत वापरण्याची दुसरी मोठी परंपरा भागवताच्या अकराव्या स्कंधातील अवधूताच्या चोवीस गुरूंची आहे. एकनाथांनी याच स्कंधावर विस्तृत मराठी टीका लिहून १५७३ साली वाराणसीत पूर्ण केली आणि हे गुरू मराठी घरांत पोचले. लोकमानसात हा अवधूत म्हणजे दत्तात्रेय. त्याच्या गुरूंत कबुतर, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरिण, मासा, साप, कोळी असे अनेक प्राणी आहेत. हत्ती स्पर्शाने, हरिण नादाने, मासा चवीने फसतो, अजगर मिळेल त्यावर राहतो. प्राण्याकडे तुच्छतेने न पाहता त्याच्यापुढे शिष्य म्हणून बसावे, हा या कथेचा मोठेपणा आहे.

चोविसावा गुरू कुंभारीण माशी आहे. तिने धरून आणलेला किडा भयाने तिचेच ध्यान करतो आणि अखेर तिच्यासारखा होतो, तसा भक्त ईश्वराच्या ध्यासाने ईश्वररूप होतो, असा हा दृष्टांत आहे. कीटकशास्त्र या घटनेचे वेगळे वर्णन करते. कुंभारीण मातीचे घर बांधते, अळीला नांगी मारून लुळी करते, अंडे घातलेल्या घरात ठेवते आणि तोंड लिंपते. अंड्यातून निघालेले पिल्लू ती जिवंत अळी खाऊन वाढते आणि पंख फुटल्यावर घर फोडून बाहेर येते. आत अळी गेली आणि बाहेर माशी आली, हे निरीक्षण बरोबर होते. मधला दुवा दिसला नव्हता. अशाच प्रकारे अळीच्या अंगावर पोसणाऱ्या दुसऱ्या माश्यांनी इंग्लंडात चार्ल्स डार्विनला अस्वस्थ केले. जिवंत अळीला आतून खाणारे जीव दयाळू ईश्वराने मुद्दाम घडवले असतील, हे आपल्या मनाला पटत नाही, अशा आशयाचे पत्र त्याने १८६० साली एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिले. एका भूमीत ज्या प्रकारच्या माशीने मुक्तीचा दृष्टांत दिला, तिनेच दुसऱ्या भूमीत ईश्वराच्या चांगुलपणावर शंका उभी केली.

या उदाहरणातून शिकवणाऱ्यांना एक नियम मिळतो. दृष्टांत भक्ताविषयी काही सांगतो, माशीविषयी नाही. ध्यास माणसाला बदलतो हे विधान खरे की खोटे, हे माशीच्या पोटात शोधायचे नसते. मुलाला दृष्टांत जरूर सांगावा, आणि माशी खरोखर काय करते हेही त्याच बैठकीत सांगावे. दोन्ही ऐकलेले मूल गोष्टीला गोष्ट आणि निरीक्षणाला निरीक्षण म्हणायला शिकते.

शास्त्राचे शब्द काय सांगतात

पृष्ठवंशी, अपृष्ठवंशी, सस्तन, सरीसृप, उभयचर, संधिपाद हे शब्द बहुतेक शाळांत पाठांतराचे ओझे म्हणून येतात. नीट शिकवले तर यांतला प्रत्येक शब्द म्हणजे एक छोटे अनुमान असते. सस्तन म्हटले की, पिलाला दूध पाजणारा, हे कळते. वटवाघूळ सस्तन आहे म्हटल्यावर त्याची पिले आईच्या अंगाला बिलगून दूध पितात, हे न पाहताही सांगता येते. देवमाशाच्या नावात मासा असला तरी तो सस्तन आहे, म्हणून श्वास घ्यायला त्याला पाण्यावर यावे लागते. खवले मांजर मांजराच्या कुळातले नाही. कोळी कीटक नाही, कारण त्याला आठ पाय असतात आणि कीटकाला सहा. शब्द बरोबर असला की प्राण्याच्या गरजा त्यातून उलगडतात.

या शब्दांत एक तत्त्वज्ञानाचाही मुद्दा दडलेला आहे. कार्ल लिनियस याने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत सस्तन हा वर्ग मांडला, देवमाशाला माशांतून काढून त्यात आणले आणि माणसालाही माकडांसोबत एकाच गणात बसवले. वर्गीकरण करणारा स्वतः वर्गीकरणाच्या आत आला. युरोपातील धर्मविचाराला याचा मोठा धक्का बसला, कारण तेथे माणूस ईश्वराच्या प्रतिमेप्रमाणे वेगळा घडवला गेला, अशी श्रद्धा होती. भारतीय विचाराला हा धक्का तितका बसण्याचे कारण नव्हते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे की, व्यवहारात माणूस आणि पशू यांत फरक नाही. हातात काठी उगारलेला माणूस दिसला की जनावर पळते आणि हिरवा चारा दिसला की जवळ येते. शस्त्र घेतलेल्या दांडग्याला पाहून माणूसही तेच करतो. आहार, निद्रा, भय आणि मैथुन या चार गोष्टी दोघांना समान आहेत, हे वचन तर मराठी घरांतही सर्रास बोलले जाते. माणूस हा एक प्राणी आहे, हे वाक्य मुलाने विज्ञानाच्या पुस्तकात वाचले तर त्याच्या परंपरेत त्याला आधार सापडतो.

महाराष्ट्रात दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकता आणि उत्क्रांती हा पाठ आहे आणि प्राण्यांच्या वर्गीकरणावर स्वतंत्र पाठ आहे. त्या सुमारास दशावतार म्हणजेच उत्क्रांती, हे लोकप्रिय विधान मुलांच्या कानावर पडते. मत्स्य पाण्यातला, कूर्म पाण्याबाहेर येणारा, वराह जमिनीवरचा, नृसिंह अर्धा पशू, वामन ठेंगणा माणूस, असा क्रम लावला जातो. क्रम आकर्षक आहे, पण प्राणिशास्त्राचा एक साधा शब्द त्याला अडवतो. या क्रमात कासव उभयचरांच्या जागी ठेवले जाते आणि प्रत्यक्षात ते सरीसृप आहे. शिवाय अवतारकथेत प्रत्येक रूप ईश्वर हेतूने घेतो, तर उत्क्रांतीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या किरकोळ फरकांतून, कोणाच्याही योजनेविना रूपे बदलतात. अवतारकथेचा विषय संकटात धावून येणारा ईश्वर हा आहे. तिच्यावर जीवशास्त्राचे ओझे टाकल्याने कथेचाही तोटा होतो आणि शास्त्राचाही.

ओळख नसलेली दया

समभाव असूनही ओळख नसेल तर काय होते, याची उदाहरणे महाराष्ट्रात भरपूर आहेत. नागपंचमीला नागाला दूध पाजणे हे त्यांतले सर्वांत परिचित. साप सरीसृप आहे, दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न आहे, एवढे दोन शब्द कळलेल्या मुलाला दूध हे नागाचे अन्न नसणार, हे कोणी न सांगताही उमगते. गारुडी सापाला आधी तहानलेला ठेवतात, म्हणून तो समोर आलेल्या दुधाला तोंड लावतो. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याला जिवंत नागाच्या पूजेची परंपरा होती. मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या स्त्रीला गोरक्षनाथांनी जिवंत नाग पूजण्यास सांगितले, अशी तिची आख्यायिका आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि न्यायालयाच्या आदेशांनंतर नाग पकडण्यावर बंदी आली. २०२५ साली केंद्र सरकारने २१ नाग पकडण्यास मर्यादित परवानगी दिली, ती शिक्षण आणि पारंपरिक ज्ञान यांच्या नावाने. भक्ती आणि शिक्षण या दोहोंनाही नागाच्या गरजेचा विचार करावा लागतो, हे या प्रकरणावरून दिसते. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली विषारी सापांसोबत पिंजऱ्यात राहून दाखवले आणि १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले. डिवचल्याखेरीज साप सहसा चावत नाही, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार ओळखता आले की दिसेल तो साप मारण्याची गरज उरत नाही, ही शिकवण त्यातून शहरात रुजली.

कबुतरांना दाणे घालणे हे असेच पुण्यकर्म मानले जाते. २०२५ साली मुंबईत दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून मोठा वाद झाला. कबुतर हा मुळात कड्यांवर राहणारा पक्षी आहे, शहरातल्या इमारती त्याला कड्यांसारख्याच वाटतात, आयते दाणे मिळाले की त्याची संख्या वाढते आणि त्याच्या विष्ठेच्या धुळीतून माणसांना फुप्फुसांचे आजार होऊ शकतात. दया पक्ष्यावर करायची की शेजारच्या आजारी माणसावर, असा पेच यातून तयार होतो. दाणे कमी झाले तर कबुतर आपला चारा शोधू शकते, हे माहीत असेल तर तो पेच बराचसा सैल होतो.

बिबट्याचे उदाहरण अधिक गंभीर आहे. जुन्नर तालुक्यात उसाची शेती वाढली, उसात बिबटे राहू लागले. या शतकाच्या सुरुवातीला पकडलेले बिबटे न मारता दूरच्या जंगलात सोडले गेले. हा उपाय दयाळू दिसत होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात मात्र असे आढळले की, स्थलांतरानंतर माणसांवरील हल्ले वाढले. बिबट्याला स्वतःचा इलाखा असतो, अनोळखी जागी सोडलेला बिबट्या तेथे थांबतोच असे नाही, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरा येतो. ज्याला बिबट्याचा स्वभाव ठाऊक नाही, त्याची दया बिबट्याच्याही जिवावर उठते आणि माणसाच्याही.

पुणे शहराला हा धडा ९ डिसेंबर २०२० रोजी मिळाला. कोथरूडच्या महात्मा सोसायटीच्या परिसरात एक रानगवा शिरला. बघ्यांची गर्दी जमली, गवा बिथरून धावत सुटला, तासन्‌तास पाठलाग झाला, अखेर भूल देऊन त्याला पकडले गेले आणि दमछाक व ताण यांनी तो त्याच दिवशी मेला. नंतर शहराने हळहळ व्यक्त केली, अनेकांनी त्याची जाहीर माफीही मागितली. गायीला माता मानणाऱ्या शहरात हे घडले होते. गवा आणि गाय एकाच प्रजातीचे नसले तरी एकाच वंशातले, म्हणजे अगदी जवळचे भाऊबंद आहेत. त्याला बायसन म्हणण्याची सवय मुलांना लागलेली असते, आणि त्या नावाने तो अमेरिकेतला कोणी परका वाटतो. विदर्भात नीलगायीला रोही म्हणतात. ती गाय नाही, कुरंगांत गणली जाते, तरी तिच्या नावातल्या गायीने अनेक ठिकाणी तिला अभय दिले. नावाने नाते ठरते, याची ही दोन टोके. कोथरूडच्या घटनेनंतर दोन आठवड्यांच्या आतच पाषाण-बावधन भागात दुसरा गवा आला. या वेळी लोकांना लांब ठेवले गेले, वाट मोकळी ठेवली गेली आणि तो परत जंगलाकडे गेला. पहिल्या वेळी दया नव्हती असे नाही. घाबरलेल्या गव्याला गर्दी नको असते आणि मोकळी वाट हवी असते, ही माहिती नव्हती.

पिंजऱ्यातून शिकवावे का

प्राणी ओळखण्यासाठी प्राणी पाहावा लागतो, आणि शहरात तो बहुधा पिंजऱ्यातच दिसतो. पुण्यात याचा इतिहास जुना आहे. पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता. तेथील गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९०च्या सुमारास काढले आणि ते आजही उपलब्ध आहे. १९५३ साली महापालिकेने त्याच परिसरात पेशवे पार्क सुरू केले. सारसबागेतल्या गणपतीचे दर्शन आणि शेजारच्या पिंजऱ्यातला वाघ या दोन गोष्टी पुण्यातल्या अनेक पिढ्यांनी एकाच संध्याकाळी पाहिल्या. पुढे १९९९ साली कात्रजला सुमारे १३० एकरांवर राजीव गांधी प्राणिसंग्रहालय उभे राहिले आणि पेशवे पार्कातले प्राणी टप्प्याटप्प्याने तिकडे गेले. अरुंद पिंजऱ्यांऐवजी खंदकांनी वेढलेली मोकळी आवारे आली.

ही वाटचाल म्हणजे नैतिक विचारातला बदल आहे. शिकारखान्यात प्राणी राजाच्या वैभवासाठी होता, पार्कात करमणुकीसाठी, आणि नव्या संग्रहालयात शिक्षण व संवर्धनासाठी आहे असे सांगितले जाते. तरी प्रश्न संपत नाही. दुसऱ्याच्या बंदिवासातून मिळालेले ज्ञान किती ग्राह्य, हा तो प्रश्न. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन थांबवले तेव्हाही याच प्रश्नाला एक उत्तर दिले गेले: जे दुसऱ्या मार्गाने शिकता येते, त्यासाठी जीव घेऊ नये. हीच कसोटी पिंजऱ्याला लावता येते. जखमी किंवा अनाथ झालेला, जंगलात परतू न शकणारा प्राणी सांभाळणे आणि तो मुलांना दाखवणे समर्थनीय ठरते. केवळ दाखवण्यासाठी जंगलातून धरून आणणे ठरत नाही. पुण्याच्या मुलाला पिंजऱ्यावाचूनही बरेच दिसू शकते. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहे, भीमाशंकरला शेकरू आहे, सासवडच्या माळावर लांडगा आणि तरस आहेत. अंगणात पाल, कोळी आणि मुंग्यांची रांग तर आहेच.

निसर्ग आणि नीती

प्राण्यांची खरी माहिती मिळू लागली की मुलाला काही नकोशा गोष्टीही कळतात. हनुमानाचा वंशज म्हणून पूजले जाणारे वानर हे त्याचे ठळक उदाहरण. टोळीवर नवा नर कब्जा करतो तेव्हा आधीच्या नराची तान्ही पिले तो मारू शकतो, हे जपानी संशोधक सुगियामा यांनी १९६०च्या दशकात धारवाड परिसरात नोंदवले. व्यंकटेश माडगूळकर यांनी वानरांच्या अशाच सत्तापालटावर ‘सत्तांतर’ ही कादंबरी लिहिली आणि तिला १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हे ऐकून मूल विचारते: मग वानर वाईट आहे का? या प्रश्नाला टाळाटाळ करणारे उत्तर देऊ नये. वानराला बरे-वाईट ठरवण्याची शक्ती नाही, म्हणून त्याच्या कृत्याला पाप म्हणता येत नाही. त्याच कारणाने त्याच्या कृत्याला माणसाच्या वागण्याचा आधारही करता येत नाही. निसर्गात घडते म्हणून योग्य, हा युक्तिवाद जितका चुकीचा, तितकाच निसर्ग मुळात सात्त्विक आहे, हा भ्रमही चुकीचा. आहार-निद्रादी चार गोष्टी समान सांगणारे वचन पुढे धर्म हा माणसाचा विशेष मानते, तो याच अर्थाने. प्राणी जसा आहे तसा पाहायचा, आणि त्याच्याशी कसे वागायचे याची जबाबदारी आपल्यावर घ्यायची.

शिकवण्याचा क्रम

या विचारातून मुलांना शिकवण्याचा एक क्रम सुचतो. पाच-सहा वर्षांपर्यंत नाती आणि आवाज पुरेत. चिऊताईची ताई राहू द्यावी, कारण प्राणी आपल्यासारखाच कोणी आहे, ही जाणीव पुढच्या सगळ्याचा पाया आहे. त्या वयातही चुकीचे मात्र सांगू नये. तिसरी-चौथीच्या सुमारास प्रत्यक्ष पाहिलेल्या प्राण्याचे नेमके नाव, त्याचे स्थानिक नाव आणि त्याची एक गरज एवढे सांगावे. बिबट्या आणि वाघ, लांडगा आणि कोल्हा, तरस आणि कुत्रा यांतले फरक येथे यावेत. या कामी मारुती चितमपल्लींचे पक्षिकोश आणि प्राणिकोश शिक्षकाला उपयोगी पडतात, कारण त्यांत ग्रंथातली आणि रानातली अशी दोन्ही प्रकारची नावे शेजारी आहेत. सहावीपासून गटांचे शब्द यावेत, आणि प्रत्येक शब्दाबरोबर त्यातून काय अनुमान निघते, हे मुलांकडून काढून घ्यावे. सरीसृप शब्द शिकवताना नागपंचमीची चर्चा व्हावी, सस्तन शिकवताना वटवाघळाची. दहावीच्या सुमारास चार खाणी, जैन वर्गीकरण, लिनियस आणि उत्क्रांती यांची तुलना करता येते. कोणते वर्गीकरण कशासाठी केले गेले, हा प्रश्न त्या वयाच्या मुलांना पेलतो.

समदृष्टीचा अर्थही तेव्हाच नीट सांगता येतो. गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी माणूस ज्यांच्याकडे सारख्याच दृष्टीने पाहतो, त्यांत विद्वान ब्राह्मण आहे, समाजाने हीन ठरवलेला माणूस आहे, आणि गाय, हत्ती व कुत्रा यांची वेगवेगळी नावेही आहेत. समानता सांगण्यापूर्वी तेथे भेद नोंदवला आहे. सगळ्यांना सारखे मानणे म्हणजे सगळ्यांना सारखेच देणे नव्हे. एकनाथांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा मराठी मुलांना पाठ असते. तिच्यातली करुणा सर्वांना दिसते. गाढवाला त्या क्षणी पाणीच हवे होते, हे एकनाथांनी ओळखले, ही तिची दुसरी बाजू आहे, आणि प्राणिशास्त्राचे धडे मुलाला तीच शिकवतात.